गरी, तंगूस आणि पिठाचा गोळा

मराठीच्या जुन्या पुराव्यांचा विषय निघाला की ‘मानसोल्लास’ हे नाव येतंच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा हा संस्कृत ग्रंथ, इ.स. ११३०च्या आसपासचा. त्यातल्या गीतविनोदात (विनोद म्हणजे इथे करमणूक) मराठी ओळी आहेत आणि त्यांत मत्स्यरूप घेऊन रसातळातून वेद वर आणणाऱ्या नारायणाची स्तुती आहे. भाषेचे अभ्यासक तिथे थांबतात, ते साहजिकच. पण दोन अध्याय मागे गेलं तर दुसरे मासे भेटतात, पकडायचे. गीतविनोदाच्या आधी मृगयाविनोद आणि त्याच्याही आधी मत्स्यविनोद.

म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी, उमरग्याहून हद्द ओलांडली की लागणाऱ्या आजच्या बसवकल्याणात, एक राजा लिहितोय (किंवा लिहवून घेतोय) की गळ टाकण्याची मौज कशी करावी. सुमारे ३५ प्रकारचे मासे त्याने नोंदवलेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. माशांना काय घालावं, तर पेंडीचे, पिठाचे, मांसाचे गोळे. मग काठी, दोरी, गळ. पोटापाण्याचा इथे काही संबंध नाही. कुस्त्या, कोंबड्यांच्या झुंजी, बहिरी ससाणे यांच्या पंगतीत हा अध्याय बसवलाय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत जी. के. श्रीगोंदेकरांनी संपादलेला ‘मानसोल्लास’ १९२५पासून छापून येऊ लागला. त्यातल्या माशांकडे मात्र नीट लक्ष गेलं ते एका प्राणिशास्त्रज्ञाचं. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१च्या सुमारास ही नावं आणि आजचे मासे जुळवायचा प्रयत्न केला.

हे आधी सांगायचं कारण असं की ‘अँगलिंग’ हा शब्द उच्चारला की आपल्याकडे डोळ्यांसमोर साहेब येतो. हॅट, पाइप, रीळ आणि मागे टोपली धरून उभा असलेला नोकर. छंदासाठी गळ टाकणं ही साहेबाची देणगी, असा पक्का समज आहे. साहेबाने पुष्कळ काही आणलं, पण छंद आणला नाही.

कोकणात याला गरवणं म्हणतात. गरी म्हणजे गळ, आणि मालवणीत ‘गरवूक गेलो’ म्हटलं की माणूस गरी घेऊन खाडीवर गेला, आता जेवायच्या वेळेपर्यंत त्याची वाट बघू नये, एवढं सगळं त्यात आलं. जाळं धंद्याचं, ते कोळ्यांचं, गाबितांचं, घाटावर भोयांचं. गरीला जात लागत नाही. शाळामास्तर, सुतार, एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर, कुणीही गरवतो. मिळालं तर रात्री कालवण, नाही मिळालं तर घरच्यांची बोलणी. याला कुणी खेळ म्हटलं नाही, म्हणून त्याची नोंदही झाली नाही.

माझ्या आजोळच्या खाडीवर एक आजोबा पुलाच्या कठड्याला टेकून बसायचे. काठी नसायचीच. बाटलीवर गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला शिसं आणि शिशाच्या वर वीतभर अंतरावर गरी. शिसं घरीच ओतलेलं, पत्र्याच्या डबीत वितळवून कोरड्या मातीतल्या भोकात. गरी बांधताना गाठ आवळण्याआधी ते ती जिभेवर ओली करत. कोरडी आवळली तर तंगूस घासून तापतं आणि मोठा मासा लागला की नेमकं तिथेच तुटतं, हे मी पुढे दोनदा स्वतःच्या अनुभवाने शिकलो. आमिष म्हणजे जिवंत कोळंबी, शेपटीच्या पेऱ्यातून हलकेच ओवलेली, म्हणजे ती पाण्यात हातपाय हलवत राहते. मग तंगूस तर्जनीवर घ्यायचं आणि गप्प बसायचं. काळुंदर टोचून टोचून खातो, शिंगाळा सरळ ओढत नेतो आणि तांबोशी एकदाच हिसका देते, असं ते सांगत. तांबोशीला पहिल्या दोन हातांत वर नाही घेतलं तर ती खडकात किंवा कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांत शिरते. मग तंगूस तोडण्यावाचून इलाज नाही.

पाणीही वाचावं लागतं. उधाणाच्या दिवसांत खाडीला एवढी ओढ असते की शिसं तळाला टिकत नाही. भांगाला, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी जवळजवळ निजलेलं असतं आणि मासाही सुस्त. त्या दोहोंच्या मधले दिवस चांगले, आणि त्यातही भरती फिरून सुकती (ओहोटी) लागते ती घटका. आज मोबाइलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात. आजोबा तिथी मोजायचे. दोन्हींचा हिशेब एकाच चंद्रावर चालतो, त्यामुळे फारसा फरक पडत नाही.

गरीच्या आजूबाजूला इतर जुन्या रीतीही होत्या, काही अजून आहेत. पहिला मोठा पाऊस झाला की मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांच्या चरांतून वर चढतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे चढणीचे मासे, रायगड-ठाण्याकडे वलगणीचे. रात्री बत्ती आणि कोयता घेऊन गावचा गाव पाण्यात उतरतो. तोंडाशी आत वळवलेल्या काड्यांचे बांबूचे सापळे वाहत्या पाण्यात लावले जातात; मासा आत शिरतो, पण उलटा फिरू शकत नाही. गोव्याच्या खाजणांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींत) मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर, ओहोटीला जाळं लागतं आणि त्या मासळीच्या हक्काचा लिलाव होतो. आणि एक रीत सांगायला बरी वाटत नाही, पण सांगायला हवी. गेळाची फळं किंवा रामेठ्याची साल ठेचून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे वेचायचे. गळ एक मासा काढतो, विष अख्खा डोह रिकामा करतं.

आता साहेबाकडे. दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी केली कर्नल विल्यम साइक्स यांनी. मुंबई सरकारच्या पाहणीवर ते १८२०च्या दशकात या भागात फिरले आणि १८३९मध्ये त्यांच्या नव्या जातींची वर्णनं प्रसिद्ध झाली. साइक्सची मला आवडणारी गोष्ट अशी की नावं ठेवताना त्यांनी लॅटिन शब्दकोश फार उघडला नाही, नदीकाठच्या माणसांना विचारलं. मुळा-मुठेतला महासीर, गोड्या पाण्यातला मोठा मासा, झाला टॉर खुद्री. शिंगटी झाली मिस्टस सिंगटी. दगडाला चिकटून राहणारा मळ्या झाला गारा मुल्या. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत आज हीच नावं लिहितात. पुण्याच्या भोयांनी उच्चारलेले शब्द असे लॅटिनचा वेष घालून टिकले. पुण्यात मात्र ते आता फार थोड्यांना ठाऊक असतील.

खेळाचं पुस्तक आलं ते हेन्री सलिव्हन टॉमस यांचं. मद्रास सनदी सेवेतला हा अधिकारी मंगळूरला होता आणि ‘द रॉड इन इंडिया’ तिथेच १८७३मध्ये छापलं गेलं. वजनाला वजन लावून पाहिलं तर महासीर सॅमनपेक्षा जास्त झुंज देतो, हा त्यांचा दावा इंग्लंडमधल्या वाचकांसाठी जवळजवळ पाखंड होता. तिथून पुढे महासीर म्हणजे साहेबी गळाचं दैवत झालं. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या प्राणी पेंढा भरून ठेवणाऱ्या घराण्यातल्या एकाने १९४६मध्ये काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोंचा महासीर काढला. तो विक्रम मानला जातो.

साहेबाने खरंखुरं आणलं ते रीळ, वजनकाटा आणि नोंदवही. मासा काढायचा, तोलायचा, लिहून ठेवायचा, मग दुसऱ्याला हरवायचं. सोडून द्यायची रीत त्यांची असं समजू नका. त्या काळचे फोटो पाहिले तर मासे ओळीने टांगलेलेच दिसतात.

काठीची गोष्ट तर उलट्या दिशेची आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत बांबूच्या चिरफळ्या चिकटवून काठ्या होऊ लागल्या, तेव्हा त्यांना लागणारा बांबू इथून जात होता. ‘कलकत्ता केन’ असंच त्याचं नाव. त्यावर भाजल्याचे डाग असत आणि कारागीर ते टाळून फळ्या काढत. विसाव्या शतकात चीनच्या टोंकिन बांबूने त्याला मागे टाकलं, मग काचतंतू आले, मग कार्बन. आज आपण मासेमारीच्या दुकानात पाच-सहा हजार देऊन जी हलकी काठी घेतो, तिच्या खापरपणजीचा बांबू आपल्याच बंदरातून जहाजावर चढलेला असायचा.

गळाचं पोलाद मात्र बाहेरूनच आलं. आधी गावचा लोहार गरी घडवून द्यायचा. नॉर्वेतल्या मुस्ताद कंपनीने १८७७मध्ये गळ करायला घेतले आणि पुढे तिच्या डब्या आपल्या बंदरांवरच्या दुकानांतही दिसू लागल्या. दोरीतला बदल सर्वांत मोठा. ताग, अंबाडी, सूत, रेशीम हे सगळं भिजतं, कुजतं आणि माशाला दिसतं. १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नायलॉन आलं आणि युद्धानंतर जगभर पसरलं. आपल्याकडे त्याला लोकांनी तंगूस म्हटलं. ते स्वस्त, पाण्यात जवळजवळ अदृश्य आणि कुजत नाही. हा शेवटचा गुण म्हणजेच त्याचा दोषही. कांदळात अडकून तुटलेलं तंगूस वर्षानुवर्षं तिथेच राहतं आणि बगळ्यांच्या पायात अडकतं.

पाणीही बदललं. घाटावरच्या नद्यांना धरणांनी तलाव केलं. मुंबईत १८९१मध्ये पिण्यासाठी बांधलेला पवई तलाव पिण्यालायक ठरला नाही, आणि गळवाल्यांचा झाला. मगरी असूनही महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचं नाव याच तलावाशी जोडलेलं आहे. धरणांत कटला, रोहू, मृगळ सोडले गेले. १९५२मध्ये श्रीलंकेतून तिलापिया देशात आला आणि उजनीकडच्या माणसांनी त्याला ‘चिलापी’ म्हणून घरातला करून टाकला. चिलापीला गांडूळ पुरतं, म्हणून पोरांचा पहिला मासा बहुधा हाच. मरळ मात्र अजून जुन्या तऱ्हेची. पूर्वी तिला जिवंत बेडूक लावायचे, आता रबराचा लावतात. तो पाण्यावरून टुणटुण ओढत आणायचा, आणि पाणवनस्पतींखालून ती त्याच रागाने झेपावते. दुकानात शंभर तऱ्हेची नकली आमिषं टांगलेली असतात. त्यांतली निम्मी माशांना पकडण्यासाठी आणि निम्मी आपल्याला.

महासीरचं पुढे काय झालं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्यात महाराष्ट्राचा हात आहे. १९७०च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण धरणावर टाटांच्या वीज कंपनीने महासीरची पिल्लं वाढवायचं केंद्र सुरू केलं. धरणांमुळे या माशाच्या अंडी घालायच्या वाटा बंद झाल्या होत्या, त्यामुळे हेतू चांगलाच होता. तिथला खुद्री महासीर देशभर पाठवला गेला, कावेरीतही. त्याच काळात, १९७७मध्ये, काही ब्रिटिश तरुण कावेरीवर आले, राक्षसी महासीर अजून आहेत हे त्यांनी जगाला दाखवलं, आणि गॅलिबोरे-भीमेश्वरीच्या छावण्यांत परदेशी गळवाल्यांची रीघ लागली. मासा सोडून द्यायचा नियम तिथे रुजला. आमिष कुठलं, तर नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, लिंबाएवढा. सोमेश्वराला ओळख पटली असती.

पण छावण्यांच्या नोंदवह्या पुढे संशोधकांनी तपासल्या, तेव्हा वेगळंच दिसलं. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महासीर वर्षागणिक कमी होत गेला होता आणि बाहेरून आणून सोडलेला खुद्री वाढत होता. २०१८मध्ये या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. पुण्याच्या नदीकाठी नाव मिळालेला मासा लोणावळ्याहून निघाला आणि कावेरीत सवतीसारखा जाऊन बसला. छावण्याही २०१०नंतरच्या काळात, अभयारण्यात गळ टाकणं वन्यजीव कायद्यात बसतं का या वादात, बंद झाल्या. गंमत अशी की हे सगळं कळलं ते गळवाल्यांच्या वजनाच्या नोंदींमुळेच. साहेबाच्या वहीचा असा उपयोग होईल हे त्या साहेबालाही सुचलं नसतं.

महाराष्ट्रात खुद्री जिथे अजून निर्धास्त आहे, त्यातली एक जागा महाडजवळची वाळण कोंड. काळ नदीचा खोल डोह, काठावर वरदायिनीचं ठाणं, आणि पाण्यात गळ, जाळं, विष काहीच चालत नाही. डोहातले मासे देवीचे. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळशाला हेच, देहूच्या इंद्रायणीकाठीही हाच भाव. वाळण कोंडीवर उभं राहून पाण्यात मूठभर चुरमुरे टाकले की काळ्या पाठी एकदम वर येतात, हातभर लांबीच्या, आणि पाणी उकळल्यासारखं होतं. मी तिथे गेलो तेव्हा माझ्या पिशवीत रिळासकट काठी होती, सवयीने बरोबर घेतलेली. पुजाऱ्याने पिशवीकडे पाहिलं, काही बोलला नाही, फक्त चुरमुऱ्यांची पुडी पुढे केली.