दात शिवशिवतात तेव्हा

आमच्या पिल्लाचा पडलेला पहिला दात मला सोफ्याखाली झाडू मारताना सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा, पांढराशुभ्र, एका कडेला सुकलेल्या रक्ताची बारीक रेघ. तळहातावर उलटा करून पाहिला तर आतून पोकळ. मूळ जवळजवळ नव्हतंच. तिथून हातभर अंतरावर सोफ्याचा कोपरा होता. तीन आठवडे तो रोज थोडाथोडा कुरतडला जात होता आणि त्यावरून पिल्लाला रोज बोलणी बसत होती. दात आणि कोपरा एकदम नजरेसमोर आल्यावर मी ओरडणं थांबवलं आणि वाचायला बसले.

तो पोकळपणा कुठून येतो हे आधी सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यात आहे. कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं तोंड बोळकं असतं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुधाचे दात फुटू लागतात आणि पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत २८ दात पूर्ण होतात. सुईसारखे टोकदार, इवलेसे. पण जबडा वाढत राहतो आणि एकदा आलेला दात काही वाढत नाही. म्हणून चौथ्या महिन्याच्या आसपास कायमचे दात खालून वर सरकायला लागतात. त्याच वेळी दुधाच्या दाताचं मूळ खास पेशी हळूहळू विरघळवून टाकतात. शेवटी हिरडीला जेमतेम चिकटलेलं वरचं टोपण तेवढं उरतं, आणि एखाद्या दिवशी तेही निखळतं. बहुतेक दात पिल्लू गिळून टाकतं, त्याने काही बिघडत नाही. आधी पटाशीचे दात बदलतात, मग सुळे आणि दाढांची पाळी येते. साधारण सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात जागेवर येतात.

म्हणजे सलग तीन-चार महिने त्या लहानशा तोंडात उलथापालथ चालू असते. हिरड्या सुजतात, ठणकतात, शिवशिवतात. ठेच लागली की आपण अंगठा मुठीत दाबून धरतो. पिल्लाला हिरडी दाबून धरायला हात नाहीत. ते टेबलाचा पाय दाढेखाली धरतं. या काळात घट्ट पिळलेलं ओलं फडकं फ्रीजरमध्ये गार करून समोर बसून चघळायला दिलं, तर पिल्लू त्यावर किती तुटून पडतं ते बघा. फडक्याचे धागे सुटायला लागले की मात्र लगेच काढून घ्यायचं. अधूनमधून ओठ वर करून तोंडात डोकवावं. दुधाचा सुळा न पडता त्याच्या शेजारीच नवा सुळा आलेला दिसला, तर पशुवैद्याला दाखवायला हवं. लहान चणीच्या जातींमध्ये हे बरंच आढळतं. दोन दातांच्या फटीत अन्न अडकतं आणि नवा दात वाकडा येतो.

दात आले की सगळं थांबेल, अशी आशा बहुतेक घरांत असते. थांबत नाही. सात-आठ महिन्यांचं पिल्लू पुन्हा नव्या जोमाने चावायला लागतं, आता मोठ्या दातांनी आणि ताकदवान जबड्याने. ही त्याची किशोरवयातली धडपड असते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंधांना वाट दाखवणारे मार्गदर्शक कुत्रे म्हणून वाढवल्या जाणाऱ्या पिल्लांचा अभ्यास केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ‘बस’ ही साधी आज्ञा पाच महिन्यांच्या वयात ही पिल्लं आपल्या माणसाची जितकी ऐकत होती, तितकी आठव्या महिन्यात ऐकत नव्हती; परक्या माणसाची मात्र ऐकत होती. वयात येणाऱ्या मुलांच्या घरी हे चित्र ओळखीचं असेल. हा काळ सरतो. पण ‘पिल्लू बिघडलं’ म्हणून याच महिन्यांत कित्येक कुत्री घराबाहेर काढली जातात, आणि ते वाचून मला फार वाईट वाटलं.

चावणं ही कुत्र्याची मूळची गरज आहे. आपण अनोळखी वस्तू हातात घेऊन उलटसुलट करून बघतो, तसं ते तोंडात धरून बघतं: मऊ आहे की कडक, तुटतं का, आवाज येतो का, चव कशी आहे. चावल्याने मन शांत होतं असंही दिसतं. प्रयोगशाळेत ताणाखाली ठेवलेल्या उंदरांना लाकडाची काडी चावू दिली, की त्यांच्या शरीरातली ताणाची लक्षणं कमी होतात, हे अनेक प्रयोगांत आढळलं आहे. कुत्रा म्हणजे उंदीर नव्हे, हे खरं. पण तासभर खेळणं चघळून झाल्यावर अंग सैल सोडून झोपणारं पिल्लू ज्याने पाहिलंय, त्याला हे पटायला जड जाणार नाही. म्हणून ‘चावायचं बंद’ हा हट्ट मी सोडून दिला. काय चावायचं आणि काय नाही, एवढंच आपल्या हातात आहे आणि तेवढं पुरतं.

मग चप्पलच का? पायमोजे, उशी, रिमोट, चष्म्याची दांडी, यांच्यावरच डोळा का? कारण या वस्तूंना सगळ्यात जास्त आपला वास असतो. कुत्र्याच्या नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशी आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात. दिवसभर पायात असलेली चप्पल त्याच्यासाठी तुमचाच एक तुकडा असते. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ कुत्र्यांना एमआरआय यंत्रात जागे असताना निश्चल पडून राहायला शिकवलं आणि त्यांना वेगवेगळे वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्याचा, ओळखीच्या आणि अनोळखी माणसाचा. मेंदूतला जो भाग काहीतरी सुखाचं मिळणार या अपेक्षेने जागा होतो, तो सर्वांत जास्त चेतला ओळखीच्या माणसाच्या वासाने. तो माणूस त्या वेळी समोर नव्हता, नुसता त्याचा वास होता. हे वाचल्यापासून कुरतडलेल्या चपलेकडे मला रागाने पाहता येत नाही.

राग आवरण्याचं आणखी एक कारण आहे. आपण संध्याकाळी घरी येतो, उशीचा कापूस खोलीभर झालेला असतो, आणि पिल्लू कान पाडून, नजर चुकवून, शेपूट पायांत घालून उभं असतं. ‘बघा, याला कळतंय आपण काय केलंय!’ असं आपण म्हणतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये हेच तपासलं. १४ कुत्र्यांपैकी प्रत्येकाला त्याच्या मालकाने समोरचा खाऊ खायचा नाही असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याला खाऊ मिळायचा, कधी नाही. आणि परत आलेल्या मालकाला खरं काय घडलं ते प्रत्येक वेळी सांगितलं जात नसे. ओशाळलेला चेहरा दिसला तो मालक रागावला की. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नव्हता, याच्याशी त्याचा संबंध लागेना. उलट, काहीही चूक नसताना बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचा चेहरा जास्तच पडलेला होता. आपण ज्याला अपराधी भाव म्हणतो, ती आपल्या आवाजाची आणि अंगविक्षेपांची भीती असते. दोन तासांपूर्वीची उशी आणि आत्ताचा आरडाओरडा यांची सांगड ते घालू शकत नाही. त्याच्या लेखी गोष्ट एवढीच असते की माणूस दारातून आत येतो तेव्हा कधीकधी फार भयंकर होतो.

बक्षीस असो वा रागावणं, कुत्र्याच्या डोक्यात ते कृतीशी जोडलं जायला सेकंद-दोन सेकंदांच्या आत घडावं लागतं. त्यामुळे फाटलेली उशी नाकासमोर धरून समज देण्याचा काहीही उपयोग नाही. मारण्याचा तर नाहीच. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात, ओरडून आणि पट्ट्याला हिसके देऊन शिकवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, शिकवणीनंतर वाढलेलं आढळलं. त्यातल्या फार कडकपणे शिकवल्या गेलेल्या कुत्र्यांनी शिकवणीच्या जागेबाहेरही धास्ती धरली होती. खाऊ असेल-नसेल अशा भांड्याकडे ती बिचकत, उशिरा जात होती. आणि ताण वाढलेला कुत्रा शांत होण्यासाठी काय करतो? चावतो.

आता करायचं काय. पहिलं काम आपलं आहे, पिल्लाचं नाही: जमिनीपासून त्याच्या उडीच्या उंचीपर्यंतचं घर आवरायचं. स्वतः गुडघ्यांवर बसून एक फेरी मारली की पलंगाखालची वायर, लटकणारी पडद्याची दोरी आणि कोपऱ्यात घरंगळलेलं बटण दिसतं. आवराआवर ही पळवाट वाटेल, पण चावण्याचं बक्षीस चावण्यातच असतं. प्रत्येक फाडलेली उशी पिल्लाला शिकवते की उशा फाडण्यात मजा आहे. जेव्हा लक्ष ठेवता येणार नाही तेव्हा जाळीचं दार लावलेली एक खोली किंवा कुंपण घातलेला कोपरा असावा. तिथे अंथरूण, पाणी, आणि चावायला चालेल असंच सगळं.

दुसरं म्हणजे अदलाबदल. यात मी सुरुवातीला चुकले, म्हणून जवळून सांगते. पिल्लाच्या तोंडात मोजा दिसला की मी धावायचे. ते पळायचं, पलंगाखाली शिरायचं, मी मोजा ओढायचे, तेही ओढायचं. पिल्लासाठी यापरता रंगतदार खेळ नव्हता. मोजा उचलला की माणूस हमखास खेळायला येतो, एवढं ते शिकलं. पुढे तर मोजा तोंडात असताना मी जवळ गेले की गुरगुरायला लागलं. हे लक्षण वाईट. हिसकावून घेतलं जाण्याची सवय झालेला कुत्रा वस्तू राखायला शिकतो आणि त्यातून एखाद्या दिवशी हाताला चावतो.

मग पद्धत बदलली. मोजा तोंडात असताना मी शांतपणे दोन पावलांवर खाली बसायचे, पिल्लाकडे कुशीने वळून. मुठीतला खाऊ त्याच्या नाकाशी न्यायचे आणि थांबायचे. नाकपुड्या हलायच्या. जबडा ढिला व्हायचा, मोजा खाली पडायचा, आणि तो पडायच्या क्षणाला मी ‘सोड’ म्हणायचे, खाऊ द्यायचे, लगेच रबराचं खेळणं पुढे करायचे. ते खेळणं दाढेखाली गेलं की शाबासकी. मोजा उचलायला मी मुळीच घाई करायचे नाही. ‘सोड’ हा शब्द आधी उच्चारून पिल्लाने ऐकावं अशी अपेक्षा आठवडाभराने धरली. कधीकधी, सोडलेली वस्तू बिनधोक असेल तर, ती त्यालाच परत द्यायचे. सोडलं म्हणजे गेलं असं नाही, हे त्याच्या मनात बसलं आणि गुरगुरणं आपोआप विरलं.

जुनी चप्पल खेळायला देऊ नये. जुनी कोणती आणि नवी कोणती हे ठरवायला वासाशिवाय त्याच्याकडे काही नाही, आणि वास दोन्हींना तुमचाच. खेळणं निवडताना नख दाबून बघावं. नखाची खूण उमटली तर ठीक. फार कडक वस्तू, म्हणजे हाड, शिंग, दगड, यांनी कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडू शकतो. गिळता येईल इतकं लहानही नको. पोकळ रबरी खेळण्यात रोजच्या जेवणातलाच थोडा भाग भरून दिला की चाटणं, चावणं आणि डोकं चालवणं एकदम होतं. चार-पाच खेळण्यांतली दोनच बाहेर ठेवून दर दोन दिवसांनी बदलली, तर जुनंही नवं वाटतं. बाजारातला कडू फवारा काही कुत्र्यांना अडवतो, काही तो चाटून पुढे जातात. त्यावर विसंबू नये.

लहान पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. झोप मोडलेलं पिल्लू पेंगत नाही, चेकाळतं, दिसेल ते दाताखाली धरतं. अशा वेळी आणखी खेळवण्यापेक्षा अंधारलेल्या कोपऱ्यात निजवणं बरं.

खरी काळजी मला सोफ्याची कधीच नव्हती. चालू वायर दातांत आली तर तोंड भाजतं, फुप्फुसात पाणी साचतं, जीवही जातो. मोजा गिळला तर आतड्यात अडकतो. दोऱ्याने तर आतडं गोळा होऊन चिरलं जाऊ शकतं, म्हणून तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबणारा दोरा कधीही ओढू नये. रिमोटमधली बटणाएवढी बॅटरी अन्ननलिकेत थोड्या वेळात भाजल्यासारखी जखम करते. साखरविरहित च्युइंगगममधलं झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभराच्या आत धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं. आयब्युप्रोफेनसारख्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, चॉकलेट, मनुका, हेही विषच. यांतलं काही पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याला फोन करावा आणि वेष्टन हाती ठेवावं. घरच्या घरी उलटी करवू नये. बॅटरी वर येतानाही भाजते.

एक प्रकार या सगळ्यांहून वेगळा आहे. पिल्लू फक्त एकटं असताना चावतं, तेही दाराची चौकट, खिडकीची कड, असं बाहेर पडायच्या वाटेवर; सोबत विव्हळतं, लाळ गळते, घरात शी-शू होते. जुना फोन रेकॉर्डिंगला लावून बाहेर गेलात तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच हे दिसेल. हा एकटेपणाचा धसका आहे. त्याला खेळण्यांनी उतार पडत नाही आणि शिक्षेने तो वाढतो. एकटं राहायची सवय अगदी थोडीथोडी लावावी लागते. किल्ल्या उचलायच्या आणि परत सोफ्यावर बसायचं. पायांत चपला घालून स्वयंपाकघरात जायचं. दार उघडून बाहेर पाऊल टाकायचं आणि पिल्लू घाबरायच्या आत परत यायचं. आधी दहा सेकंद, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं. आणि ते कासावीस झालं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा सेकंदांपासून.