बाळाचे दात आणि वाढघटक : पालकांसाठी माहिती

बेळगाव शहरातून, तसेच खानापूर व निपाणी भागांतून आमच्या दंत दवाखान्यात येणारे अनेक पालक बाळाचे दात लवकर यावेत म्हणून एखादे टॉनिक मागतात. ते आम्ही का देत नाही, हे समजावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

हिरडीतून दात डोकावतो, तेव्हा त्याचा वरचा भाग जवळजवळ घडून झालेला असतो. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास जबड्याच्या कडेवरील आवरण जाड होते आणि ते आवरण व त्याखालच्या पेशी ग्रोथ फॅक्टर, म्हणजेच वाढघटक, या प्रथिनांद्वारे एकमेकांना निरोप देऊ लागतात. एफजीएफ गटातील घटक प्रामुख्याने पेशींची संख्या वाढवतात, तर बीएमपी गटातील घटक कोणत्या पेशीने कोणते काम करायचे हे ठरवण्यात मोठा वाटा उचलतात. पुढे दाताच्या अंकुरात एनॅमल नॉट नावाचा पेशींचा लहानसा पुंजका तयार होतो. तो शेजारच्या पेशींना वाढायला लावतो, स्वतः मात्र वाढत नाही आणि काम संपताच नाहीसा होतो. दाढेवरील उंचवटे कोठे उठायचे, हे नंतर उमटणाऱ्या अशाच पुंजक्यांवरून ठरते. दातांच्या घडणीतील हा टप्पा आम्हांला सर्वांत विलक्षण वाटतो.

अमेरिकेतील शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथींतून काढलेला अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा त्यांचे दात नेहमीपेक्षा लवकर आले आणि डोळेही लवकर उघडले. त्यामागील घटक ईजीएफ या नावाने ओळखला जातो. वाढघटकांच्या शोधासाठी कोहेन यांना 1986 मध्ये रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि या प्रयोगातून बाळांचे दात लवकर आणणारे औषध निघालेले नाही आणि हिरडीला काहीही चोळून हे निरोप बदलता येत नाहीत.

दात आल्यानंतरही वाढघटकांचे काम संपत नाही. एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण कवच, घडवणाऱ्या पेशी दात वर येताना नष्ट होतात, त्यामुळे झिजलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. त्याखालच्या डेंटिन या थरात मात्र टीजीएफ-बीटा हा घटक साठलेला असतो. कीड डेंटिनपर्यंत पोहोचली की तो मोकळा होतो आणि आतील जिवंत गराला नवे डेंटिन घालण्यास प्रवृत्त करतो. कीड गरापर्यंत जाण्याआधी दात भरून घ्यावा, असा आमचा आग्रह असतो तो याचसाठी.

गरोदरपणात मिश्री लावणे पूर्णपणे बंद करावे. तंबाखूमुळे बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो आणि अशा बाळांच्या एनॅमलमध्ये दोष अधिक आढळतात.

पहिला वाढदिवस उलटूनही दात दिसला नाही, तर बाळाला एकदा दाखवावे. बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. घरात कोणाला जन्मतः काही दात कमी असतील, तर ते अवश्य सांगावे, कारण वाढघटकांच्या निरोपांशी निगडित एमएसएक्स1 किंवा पॅक्स9 या जनुकांतील दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो.