श्रोत्यांची गरज ओळखणे (भाषणापूर्वी)

श्रोत्यांची गरज ओळखणे म्हणजे भाषण लिहायला बसायच्या आधीच समोर कोण बसणारे, ते का येणारेत आणि त्यांचं नेमकं अडलंय कुठे हे शोधून काढणं. भाषणकलेच्या क्लासमध्ये याला ऑडियन्स अॅनालिसिस म्हणतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते वय काय, शिक्षण काय, बायका किती पुरुष किती एवढ्यावरच उरकलं जातं. ती माहिती लागते, नाही असं नाही. पण निफाडला द्राक्ष बागायतदारांचा मेळावा आहे, सगळे चाळिशी-पन्नाशीचे, सगळ्यांची बाग आहे, सगळे मराठी बोलणारे, हे कळून वक्त्याला काय कळलं? काहीच नाही.

नाशिक या बाबतीत बघण्यासारखं आहे कारण एकाच शहराच्या आसपास पार वेगवेगळी माणसं भाषणं ऐकत असतात: सातपूर-अंबडच्या एमआयडीसीतला कामगार, दिंडोरी-निफाडचा बागायतदार, लासलगावचा कांदेवाला, कॉलेजरोडला क्लास लावलेला पोरगा, आणि मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला येऊन बसणारा रिटायर्ड माणूस. ही व्याख्यानमाला शंभरी ओलांडलेली आहे, उघड्या पटांगणावर होते, तिकीट नाही की सक्ती नाही, त्यामुळे नाही आवडलं तर माणूस उठून सरळ चालायला लागतो. कंपनीच्या कँटीनमध्ये एचआरने बसवलेला कामगार उठू शकत नाही, तो मोबाईल काढतो, एवढाच फरक.

विषय आयोजकाचा, गरज श्रोत्याची

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. वक्त्याला फोन येतो आयोजकाचा, विषय देतो आयोजक, वेळ ठरवतो आयोजक, म्हणून वक्ता आयोजकाच्या मनातलं भाषण तयार करतो. श्रोत्याला कुणी विचारलेलंच नसतं.

द्राक्षाचंच घ्या. विषय ठरतो 'निर्यातीच्या संधी'. आता या पट्ट्यातून युरोपला माल वर्षानुवर्षं जातोय, कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट कसा लागतो, हे एक्स्पोर्टला माल देणाऱ्याला पाठ असतं, त्याला ते स्लाईडवर दाखवायची गरज नाही. बाकीच्यांचा माल लोकल मार्केटला जातो आणि तिथे कांद्यासारखा रोज लिलाव नसतो, बराचसा सौदा बागेतच होतो, व्यापारी येतो, भाव तोंडी ठरतो, माल गाडीत भरून जातो आणि पैसे नंतर. हा 'नंतर' कधीकधी येतच नाही. व्यापारी पैसे बुडवून पळाला ही बातमी जवळपास दर सीझनला असते. म्हणजे समोर बसलेल्या माणसाला खरं हवं असतं ते हे, की अनोळखी व्यापाऱ्याची चौकशी कशी करायची, सौद्याचा कागद कसा करायचा, चेक बाउन्स झाला तर पहिल्यांदा जायचं कुठे. ते कुणी सांगत नाही, आणि मग आयोजक म्हणतात शेतकऱ्यांना भाषणात इंटरेस्ट नसतो!

वेळेचंही तेच. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोरा-डिपिंगच्या (घड औषधात बुडवायच्या) दिवसात मेळावा ठेवला आणि त्यात आभाळ भरून आलं की शरीर खुर्चीत आणि जीव बागेत, डाऊनी रोगाच्या धास्तीने. तेव्हा वीस मिनिटांच्या वर बोलणं हा अन्याय आहे.

दुसरं उदाहरण 4 मार्चचं, राष्ट्रीय सुरक्षा दिवस. एमआयडीसीत त्या आठवड्यात पाहुणे बोलावतात, शपथ होते, बॅनर लागतो, भाषण होतं: हेल्मेट घाला, गॉगल लावा, ग्लोव्हज वापरा. प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर, काम करणाऱ्या माणसाला गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं कव्हर) कशासाठी असतो हे वक्त्यापेक्षा जास्त माहीत असतं, शेजारच्या माणसाचं बोट गेलेलं त्याने बघितलेलं असतं. तरी गार्ड निघतो, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बायपास होतो, कारण गार्ड लावून जॉबची (तयार करायच्या नगांची) संख्या भरत नाही आणि संख्या भरली नाही की सुपरवायझर बोलतो, आणि कंत्राटी माणूस असेल तर त्याला उद्या गेटवरूनच परत जावं लागेल ही भीती. म्हणजे त्याला माहितीची कमी नाहीये. त्याला हवंय ते 'नाही' म्हणण्याची पद्धत, कुणाकडे बोलायचं, काय शब्दात, नोकरी न घालवता. आणि अर्धं भाषण खरं तर सुपरवायझरलाच ऐकवायला हवं, तो नेमका त्या वेळी शॉपवर, म्हणजे मशीनपाशी, असतो.

आधी कोणी केलंय

अॅरिस्टॉटलने वक्तृत्वावर लिहिताना तरुण, म्हातारे आणि मधल्या वयाचे श्रोते कसे वेगळे वागतात यावर सविस्तर लिहून ठेवलंय, म्हणजे कल्पना जुनीच. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या अॅलन मन्रोने 1930 च्या दशकात भाषणाची पाच पायऱ्यांची रचना मांडली, लक्ष वेधणं, गरज दाखवणं, उपाय, चित्र डोळ्यासमोर उभं करणं, आणि कृती. त्यातली दुसरी पायरी इथल्या मॅनेजमेंटवाल्यांनी फार वापरली, पण बहुतेक वेळा गरज 'ओळखायची' सोडून गरज 'पटवायची' म्हणून.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून भारी आहे. गाडगेबाबा, ज्यांची धर्मशाळा नाशिकलाही आहे, गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. दिवसभर झाडता झाडता गावाची घाण कुठे साचते, पाणवठा कसा आहे, कोणाच्या दारात काय चाललंय हे सगळं डोळ्याखालून जायचं. रात्री मग ते लोकांनाच प्रश्न विचारत बोलायचे आणि लोक उत्तरं द्यायचे. रागवायचेही भरपूर, कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, पोरांना शिकवा. गोड बोलणं आणि गरज ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्यांना पटत नाही त्यांनी बाबांचं कीर्तन आठवावं.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचंही तसंच. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला आले, स्वतः कोरडवाहू शेती केली, खर्चाचा हिशेब मांडला आणि मग बोलायला लागले. 1980 मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाच्या आंदोलनाला शेतकरी रस्त्यावर आला तो 'भीक नको, हवे घामाचे दाम' या घोषणेवर. अनुदान, कर्जमाफी असलं काही न मागता रास्त भाव मागणारं भाषण शेतकऱ्याला आपलं वाटलं, कारण उत्पादन खर्च निघत नाही हा त्याच्या घरातलाच हिशेब होता.

माहिती काढायची कशी

आयोजकाला विचारून भागत नाही, त्याच्याकडून खुर्चीत बसणाऱ्यांपैकी दोन-तीन जणांचे नंबर घ्यायचे आणि त्यांना फोन करायचा. 'तुम्हाला काय ऐकायला आवडेल' असं विचारू नये, उत्तर ठरलेलं असतं: 'काहीतरी मोटिव्हेशनल सांगा ना सर.' 'सध्या डोक्याला ताप काय आहे' असं विचारलं की माणूस दहा मिनिटं बोलतो. मागच्या वर्षी कोण बोलून गेलं आणि त्यातलं काय लक्षात आहे, हा प्रश्नही कामाचा.

कधीकधी गरज फक्त लवकर संपण्याची असते. दहावी-बारावीच्या गुणवंतांच्या सत्काराला आलेले आईवडील पोराच्या फोटोसाठी आलेले असतात, प्रास्ताविक आणि हारतुऱ्यांमध्ये तासभर आधीच गेलेला असतो, मागच्या रांगेत लहान भावंडं चुळबुळ करत असतात. तिथे सात मिनिटांत आटोपणारा पाहुणा सगळ्यांना आवडतो.

मोठ्या सभेत माईकवर प्रश्न विचारायला कुणी उठत नाही, बायका तर नाहीच नाही. खरे प्रश्न खाली चहापाशी येतात, 'सर एक मिनिट' म्हणून. त्यामुळे अर्धा तास लवकर पोहोचणं आणि नंतर चहाला थांबणं हाही या तयारीतलाच भाग आहे. ज्या पाहुण्याची गाडी आभारप्रदर्शन चालू असतानाच गेटवर लावलेली असते त्याच्यापर्यंत हे प्रश्न पोहोचत नाहीत, आणि पुढच्या गावात तो तीच स्लाईड लावतो.