ग्रामसभा (गोवा)

ग्रामसभा : पंचायत क्षेत्राच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्वांची सभा. गोव्यात ती 1994 च्या गोवा पंचायत राज कायद्यानुसार भरते. राज्यात 191 ग्रामपंचायती आणि उत्तर व दक्षिण अशा दोन जिल्हा पंचायती आहेत. लोकसंख्या वीस लाखांच्या आत असल्याने मधला तालुका स्तर नाही. अंदाजपत्रक, विकासकामे, योजनांचे लाभार्थी हे ग्रामसभेचे कायद्यातले विषय. पण गेल्या दोन दशकांत तिचे नाव गाजले ते वेगळ्या कारणाने. विधानसभा, मंत्रालय आणि दिल्लीतली मंडळे यांच्यावर विश्वास उरला नाही, हे लोकांनी उघडपणे सांगितले ते मुख्यतः याच सभेत.

गोव्यात हा दुरावा अंतराचा नाही. पेडणे असो वा काणकोण, पणजी दीड-दोन तासांवर. विधानसभेच्या 40 जागा आहेत आणि एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांहून कमी मतदार. आमदार बारशालाही दिसतो आणि बाराव्यालाही, फोन केला तर बहुधा स्वतःच उचलतो. लोक मतदानालाही कंटाळलेले नाहीत: 2022 च्या विधानसभा निवडणुकीत ते 80 टक्क्यांच्या जवळपास होते. नळ, बदली, नोकरी यांसाठी आमदार हाताशी असतो, पण गावच्या डोंगराचे आणि शेताचे काय होणार हे ठरते तेव्हा गावाला विचारलेले नसते. गोमंतकीयांचा राग आहे तो यावर.

पूर्वपीठिका

लांबून चालणारा कारभार गोव्याला नवा नाही. पोर्तुगालमध्ये घटनात्मक राजवट आल्यावर 1822 मध्ये गोव्याने लिस्बनच्या संसदेसाठी तीन प्रतिनिधी निवडून दिले. पुढे फ्रान्सिस्को लुईस गोमिश यांच्यासारखा वक्ताही तिथे पोचला. पण 1930 च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांचे दुय्यम स्थान कागदावरच पक्के केले. गावात मात्र गावकारी, म्हणजे कोमुनिदाद, टिकून होती. तिचे रीतिरिवाज पोर्तुगीज अधिकारी आफोन्सु मेशिया याने 1526 च्या फोराल सनदेत नोंदवले. सामाईक जमीन कसायला देणे, बांध आणि मानशी (पाण्याची दारे) राखणे आणि उरलेल्या उत्पन्नातून गावकारांना जोण (वाटा) देणे हे तिचे काम. तिला ‘गावचे प्रजासत्ताक’ म्हणण्याची हौस अनेकांना आहे. ती जरा आवरावी, कारण मूळ घराण्यांतल्या पुरुषांखेरीज तिथे कोणालाही आवाज नव्हता. कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), कारागीर आणि बायका बाहेर. मुक्तीनंतर 1962 च्या नियमनाने पंचायती आल्या आणि प्रौढ मतदारांचा गाव प्रथमच कायद्याने एकत्र बसला. कोमुनिदादी आजही आहेत, पण त्यांचा कारभार 1961 च्या संहितेप्रमाणे सरकारी प्रशासकाच्या देखरेखीखाली चालतो.

सभेचे कामकाज

सभा बहुधा रविवारी सकाळी पंचायत सभागृहात भरते. सरपंच मधे, बाजूला पंच, आणि सचिव मागच्या सभेचे इतिवृत्त वाचतो. अंदाजपत्रकाच्या सभेला पुढच्या दोन रांगा भरल्या तरी पुष्कळ. पण गावात मेगा प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली, की लोक व्हरांड्यात आणि खिडक्यांशी उभे असतात. मग वाद पेटतो तो बहुधा इतिवृत्तावरून. मागच्या खेपेला विरोधाचा ठराव झाला होता, तो वहीत ‘चर्चा झाली’ एवढाच का उतरला, असे कोणीतरी उठून विचारतो. म्हणून जाणत्या गावांत ठराव तिथल्या तिथे लिहायला लावतात, मोठ्याने वाचून घेतात आणि मगच उठतात. हा हट्ट वाया जात नाही. प्रकरण न्यायालयात गेले की त्या वहीची प्रत कामी येते.

ठरावाचे बळ तोकडेच असते. जमिनीचा वापर 1974 च्या नगरनियोजन कायद्याखाली ठरतो आणि तो अधिकार पणजीतल्या खात्याचा. बांधकाम परवान्यावर पंचायत मुदतीत निर्णय घेत नसेल, तर अर्जदार पंचायत खात्याकडे अपील करतो आणि गावाचा नकार वरच्या वर निकालात निघू शकतो. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रांतल्या ग्रामसभांना 1996 च्या पेसा कायद्याने जे अधिकार मिळाले, ते गोव्याला लागू नाहीत, कारण इथे तशी क्षेत्रे घोषितच नाहीत. अपवाद 2006 च्या वनाधिकार कायद्याचा. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या भागांत वनजमिनीवरच्या हक्काचे दावे ग्रामसभेतूनच पुढे जातात. वरच्या टप्प्यांवर ते वर्षानुवर्षे अडकतात ही गोष्ट वेगळी.

आराखडा आणि त्यानंतर

ग्रामसभांना खरी जाग आणली ती प्रादेशिक आराखडा 2011 ने, म्हणजे 2011 पर्यंत कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या सरकारी आराखड्याने. 2006 मध्ये अधिसूचित झालेल्या या आराखड्यात हिरवे डोंगर, बागायती आणि किनारे वसाहतीसाठी खुले झाल्याचे लोकांनी नकाशे पाहून ओळखले. त्याच वर्षाअखेर गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. वर्षभरात विशेष आर्थिक क्षेत्रांचीही तीच गत झाली. प्रादेशिक आराखडा 2021 साठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या नेतृत्वाखाली कृती दल नेमले गेले आणि मसुदे गावागावांत सूचनांसाठी पाठवण्यात आले. नियोजनाच्या टेबलावर गाव बसलेला दिसला तो बहुधा तेव्हाच.

ते फार टिकले नाही. 2012 मध्ये हा आराखडा स्थगित झाला आणि तो पुन्हा लागू होऊ लागला तोवर नगरनियोजन कायद्याला ठिगळे लागत गेली: 2018 मध्ये कलम 16ब, 2023 मध्ये 17(2), 2024 मध्ये 39अ. अख्खा आराखडा न बदलता एकेका भूखंडाचे रूपांतर करण्याची वाट या कलमांनी करून दिली. 17(2) खालचे नियम मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले. 39अ विरुद्ध ग्रामसभांचे ठराव आणि मोर्चे पुढेही चालू राहिले. त्या कलमाखाली हरकती मागवल्या जातात त्या खात्याकडे. ग्रामसभेला त्यात स्थान नाही.

दिल्लीत परस्पर झालेल्या निर्णयाचे उदाहरण मोलेचे, पूर्वेकडच्या घाटाखालच्या गावाचे. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदी असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरदृश्य बैठकीत भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या प्रकल्पांना मान्यता दिली. रेल्वे दुपदरीकरण, वीजवाहिनी आणि महामार्ग या तिन्हींविरुद्ध लोक उभे राहिले. नोव्हेंबरच्या पहिल्या रात्री चांदर येथे हजारो माणसे रुळांजवळ जागत बसली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाची मान्यता रद्द केली.

सत्तरीतल्या शेळ-मेळावलीची गोष्ट याहून साधी आणि म्हणून अधिक बोलकी आहे. गुळेली पंचायतीतली ही जमीन कागदोपत्री सरकारी, आणि पिढ्यान्पिढ्या तिथे काजू राखणारे गावकरी. आयआयटीसाठी ती देण्याचे ठरले आणि 6 जानेवारी 2021 ला आखणीच्या वेळी पोलीस व गावकरी यांच्यात चकमक झाली. आघाडीला बायका होत्या. नऊ दिवसांनी मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प तिथून हलवत असल्याचे जाहीर केले. शिक्षणसंस्थेला कोणाचाच विरोध नव्हता; जमिनीच्या मालकीचा प्रश्न आधी सोडवा, एवढेच गावाचे म्हणणे होते, आणि तो प्रश्न तसाच आहे.

पक्षांतर

10 जुलै 2019 ला काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी विरोधी पक्षनेत्यासह भाजपात प्रवेश केला. पुन्हा तसे होऊ नये म्हणून जानेवारी 2022 मध्ये पक्षाने उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी शपथा घ्यायला लावल्या. आठ महिन्यांत निवडून आलेल्या 11 पैकी आठ जण भाजपात गेले. घटनेच्या दहाव्या परिशिष्टात पक्षांतरबंदी आहे, पण पक्षाचे दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर ते विलीनीकरण ठरून आमदारकी वाचते; ही सवलत मोठ्या राज्यांत गाठणे अवघड. लहान विधानसभेत एका बसगाडीत मावतील एवढे आमदार पुरतात. मतदाराने एका पक्षाला मत द्यायचे आणि सरकार दुसऱ्याचे मजबूत व्हायचे, हे ज्याने दोनदा पाहिले तो आमदाराकडे कामे घेऊन जातो, पण गाऱ्हाणे ग्रामसभेत मांडतो.

सुधारणेच्या मागण्या

विलीनीकरणाची सवलत काढायची तर घटनादुरुस्ती लागते आणि संसदेत गोव्याचे तीनच खासदार, दोन लोकसभेत व एक राज्यसभेत. बाकीच्या मागण्या राज्याच्या हातातल्या आहेत: भू-रूपांतराआधी ग्रामसभेची संमती सक्तीची करणे, घटनेच्या अकराव्या अनुसूचीतले 29 विषय निधी व कर्मचाऱ्यांसह पंचायतींकडे सोपवणे, इतिवृत्त ठरावीक दिवसांत जाहीर करणे. यांतल्या शेवटच्या मागणीला खर्च जवळपास नाही. संमतीच्या मागणीवर एक आक्षेप रास्त आहे: गावातले दांडगे कुटुंब सभा ताब्यात घेऊ शकते आणि नव्याने राहायला आलेल्यांना ‘बाहेरचे’ म्हणून गप्प बसवू शकते. त्यावर गुप्त मतदान आणि प्रभागवार सभा हे उपाय मांडले जातात. जमीन रूपांतराचा अधिकार सोडायचा तर 1974 चा कायदा विधानसभेनेच बदलायला हवा, म्हणजे ज्यांच्या हाती तो अधिकार आहे त्यांनीच.