माती अजून गार आहे

लांबलेल्या हिवाळ्यानंतर सलग तीन दिवस चांगलं ऊन पडतं, अंगावरचा स्वेटर उतरतो आणि हात आपोआप बियांच्या पाकिटांकडे जातात. वाफा उकरून घेवडा टोकला जातो. चौथ्या दिवशी आभाळ भरून येतं, गार पावसाची झड लागते आणि रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. पंधरवडा उलटला तरी वाफ्यावर हिरवा ठिपका दिसत नाही. उकरून पाहावं तर बी फुगलेलं, बुळबुळीत, बोटानं दाबताच फुटणारं. बियाणंच खराब निघालं म्हणून मग दुसरं पाकीट आणलं जातं आणि तेही त्याच गार मातीत जातं.

याची मला दरवर्षी हळहळ वाटते, कारण यातलं बहुतेक नुकसान टळण्यासारखं असतं. ऊन आपल्या पाठीला जाणवतं. बियाला जाणवते ती त्याच्याभोवतीची दोन बोटं माती, आणि ती हवेच्या बरीच मागून चालते.

हवा एका दिवसात पंधरा अंशांनी वर-खाली होऊ शकते. (या लेखातले सगळे अंश सेल्सिअसचे.) मातीला ते जमत नाही, आणि त्याचं मोठं कारण तिच्यात मुरलेलं पाणी. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ ज्यूल उष्णता लागते; तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीचं त्याच्या साधारण पाचव्या हिश्शात भागतं. शिवाय ओल्या जमिनीवर पडलेल्या उन्हाचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडतो. त्यामुळे बर्फ वितळून किंवा पाऊस पडून चिंब झालेली चिकणमाती रेताड जमिनीपेक्षा कितीतरी दिवस मागे राहते. दुपारी हवा २० अंशांवर असताना बोटभर खोलीवरची माती ८ अंशांवर असली तर त्यात नवल नाही.

पण थंडीत बी पेरलं तर ते उशिरा का होईना उगवेलच, मग लवकर पेरण्यात तोटा काय? याचं उत्तर आकड्यांत पाहण्यासारखं आहे.

टोमॅटोचं बी २५ अंशांच्या मातीत साधारण ६ दिवसांत उगवतं, २० अंशांत ८ दिवसांत, १५ अंशांत १४ दिवसांत आणि १० अंशांत तब्बल ४३ दिवसांत. तापमान निम्मं झालं म्हणून वेळ दुप्पट झाला, असा हा सरळ हिशेब नाही. फ्रान्समधले निसर्गाभ्यासक रेओम्यूर यांनी १७३५ मध्ये एक कल्पना मांडली होती : वनस्पती दिवस मोजत नाही, ती मिळालेल्या उष्णतेची बेरीज करते. पुढे त्यात सुधारणा झाली. प्रत्येक पिकाचा एक तळाचा आकडा असतो आणि त्याच्या वर जेवढे अंश मिळतील तेवढेच खात्यावर जमा होतात. टोमॅटोच्या बियासाठी तो आकडा साडेआठच्या आसपास धरू. १५ अंशांच्या मातीत रोज साडेसहा अंश जमा, १४ दिवसांत ९१. २० अंशांत रोज साडेअकरा, ८ दिवसांत ९२. २५ अंशांत रोज साडेसोळा, ६ दिवसांत ९९. तीन वेगळ्या मातींत बेरीज जवळपास तीच. अगदी तळाजवळ, म्हणजे १० अंशांच्या आसपास, हा हिशेब थोडा ढिला पडतो, पण त्याचा कल बदलत नाही.

आता समजा कोणी टोमॅटो तीन आठवडे लवकर पेरला आणि माती १० अंशांवर होती. रोज दीड अंश, म्हणजे २१ दिवसांत जेमतेम ३२ अंशांची कमाई. पुढे माती २० अंशांवर आली की तेवढी कमाई तीन दिवसांत होते. तीन आठवड्यांच्या घाईने तीन दिवस हाती लागले, आणि त्यासाठी बी तीन आठवडे गार चिखलात, बुरशी आणि किड्यांच्या तोंडी पडून राहिलं. हा हिशेब एकदा कळला की थांबणं फारसं जड जात नाही.

घेवडा, मका यांच्या बाबतीत धोका याहूनही मोठा आहे. कोरड्या बियातल्या पेशींची आवरणं सुकून आखडलेली असतात. ओल लागताच बी पहिल्या काही तासांत भराभर पाणी ओढतं आणि ही आवरणं पुन्हा सांधायला लागतात. आवरणात स्निग्ध पदार्थ असतात. थंडीत ते थिजतात. पाणी गार असेल तर सांधण्याचं काम अर्धवट राहतं, आवरणाला भेगा पडतात आणि आतली साखर व अमिनो आम्लं बाहेर पाझरतात. मातीतल्या पिथियमसारख्या बुरशीसदृश जिवांना हे आमंत्रणच. ते बुळबुळीत बी असं तयार होतं. घेवड्यासाठी माती किमान १५-१६ अंशांवर यावी असं म्हणतात ते यासाठी. पहिले काही तासच निर्णायक असल्याने, थंड पावसाची झड येणार असेल तर तिच्या आदल्या दिवशी घेवडा पेरणं सर्वांत वाईट. काकडी, भोपळा आणि भेंडी यांनाही अशीच ऊबदार माती लागते.

दुसऱ्या टोकाला पालक आणि लेट्यूस. यांचं बी २ अंशांच्या मातीतही हळूहळू जागं होतं. वाटाणा, मुळा, गाजर, बीट यांना ४-५ अंश पुरतात. वेळ मात्र लागतो, गाजराला ५ अंशांत जवळजवळ ५० दिवस आणि १० अंशांत १७. लेट्यूसचा स्वभाव तर उलटाच. ३० अंशांच्या पुढे त्याच्या बऱ्याच वाणांचं बी रुजायलाच नकार देतं. तेव्हा गार वसंत म्हणजे वाया गेलेला वसंत असं मी मानत नाही. तो पालक-वाटाण्याचा हंगाम आहे, आणि उन्हाळा सुरू झाला की तो परत येत नाही.

बी उगवलं की पुढची परीक्षा रात्रीची. अंदाजात ‘किमान ३ अंश’ ऐकून निर्धास्त झोपलेल्या माणसाला सकाळी वाफ्यावर दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलेलं दिसतं. अंदाज चुकलेला नसतो. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झाकलेल्या पेटीत असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तेव्हा जमीन व पानं आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात थेट वर सोडून देतात. ढग असते तर त्यांनी त्यातली बरीचशी परत पाठवली असती. अशा रात्री जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज खाली जाते. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल जागी साचते. एकाच बागेत वरच्या वाफ्यातली रोपं टवटवीत आणि खालच्या कोपऱ्यातली काळवंडलेली दिसतात ती यामुळे. संध्याकाळी आभाळ स्वच्छ झालं आणि वाराही पडला, तर अंदाजातल्या आकड्यापेक्षा या दोन खुणांवर माझा जास्त विश्वास आहे.

अशा रात्रीआधी दुपारीच वाफ्याला पाणी द्यावं. हे वर सांगितलेल्याच्या उलट वाटेल, पण गोष्ट तीच आहे. जे पाणी मातीला लवकर तापू देत नाही, तेच रात्री तिला लवकर निवूही देत नाही. शिवाय ओल्या मातीतून खालची ऊब पृष्ठभागापर्यंत अधिक सहज पोहोचते.

पारा शून्याखाली गेला म्हणजे रोप मेलंच असं नसतं. पानातलं पाणी शून्यावर लगेच गोठत नाही. बर्फाचा पहिला कण जमायला काहीतरी आधार लागतो. हा आधार पुरवणारा एक जीवाणू पानांवरच राहतो, सुडोमोनास सिरिंगी. त्याच्या अंगावरच्या एका प्रथिनावर पाण्याचे रेणू बर्फासारखे रचले जातात आणि उणे २ अंशांच्या आसपासच गोठणं सुरू होतं. हे प्रथिन नसलेले जीवाणू प्रयोगशाळेत तयार करून १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरी आणि बटाट्याच्या रोपांवर फवारले गेले. जनुकं बदललेले जीव परवानगीने उघड्या शेतात सोडण्याची ती पहिली वेळ होती.

बर्फ आधी पेशींच्या बाहेर, त्यांच्यामधल्या फटींत बनतो आणि पेशींतलं पाणी बाहेर खेचतो. म्हणजे गारठ्याने मरणारं रोप खरं तर पाण्याविना मरतं. पालक, कोबी यांच्यासारखी काटक पिकं आठवडाभराच्या हलक्या थंडीत यावर तयारी करतात : पेशींत साखर साठवतात आणि आवरणातले स्निग्ध पदार्थ बदलून ती थंडीतही लवचिक राहतील असं पाहतात. थंडी खाल्लेला पालक गोड लागतो तो या साखरेमुळे. टोमॅटो, मिरची, वांगं यांच्याकडे ही विद्या जवळजवळ नाहीच; त्यांना १० अंशांखालची बर्फाविनाची थंडीही बाधते. तरी घरात वाढवलेलं कुठलंही रोप बाहेर लावण्याआधी आठ-दहा दिवस काटक करावं लागतं. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं जास्त ऊन आणि वारा, पाणी जरा हात राखून. वाऱ्याने हलून खोड जाड होतं आणि पानांवरचा मेणाचा थर वाढतो.

आता तारखेविषयी. ‘शेवटच्या दहिवराची सरासरी तारीख’ पाहून अनेकजण लागवड करतात. पण सरासरीचा अर्थ असा की साधारण निम्म्या वर्षांत दहिवर त्या तारखेनंतरही पडतं! नाजूक रोपं त्या दिवशी बाहेर लावणं म्हणजे नाणं उडवून निर्णय घेणं. त्यात वसंत हा मुळातच चंचल. ध्रुवाकडची हवा अजून गार असते, विषुववृत्ताकडची तापलेली, आणि त्यांच्यामधली सीमा कधी इकडे, कधी तिकडे सरकते. २०२१ मध्ये फ्रान्समध्ये मार्चअखेर उन्हाळ्यासारखी ऊब आली, द्राक्षवेली फुटल्या आणि एप्रिलच्या पहिल्याच पंधरवड्यात आलेल्या कडाक्याने ती कोवळी फूट जाळून टाकली. थंडी फार तीव्र होती म्हणून एवढं नुकसान झालं असं नाही. आधीच्या उबेने वेली बेसावध झाल्या होत्या.

थंडीचा एक परिणाम मात्र लगेच दिसत नाही. कांदा, कोबी, बीट, गाजर ही मुळात दोन वर्षांची पिकं. पहिल्या वर्षी अन्न साठवायचं, मधला हिवाळा सोसायचा आणि दुसऱ्या वर्षी फुलायचं. हिवाळा होऊन गेला हे त्यांना कळतं ते १० अंशांखालच्या काही आठवड्यांवरून. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गुस्टाव गासनर यांनी धान्यांच्या बाबतीत १९१८ मध्येच हे दाखवून दिलं होतं. मोहरीच्या कुळातल्या अराबिडोप्सिस या छोट्या रोपात त्याची यंत्रणाही उलगडली आहे. फुलणं रोखून धरणारं एक जनुक दीर्घ थंडीत हळूहळू गप्प होतं आणि ऊब परतल्यावरही गप्पच राहतं. पेशी विभागल्या तरी नव्या पेशींना ही आठवण मिळते.

गार वसंतात कांद्याचं जाडजूड रोप बाहेर लावलं आणि नंतर तीन-चार आठवडे थंडी रेंगाळली, तर ते याला हिवाळा समजतं आणि ऊन वाढताच कांदा पोसण्याऐवजी डेंगळा, म्हणजे फुलांचा दांडा, वर काढतं. कोबीचंही तसंच, गड्डा धरायचा सोडून फुलांचा दांडा निघतो. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की अगदी लहान रोपाला ही थंडी मोजताच येत नाही. खोड पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोप मोजतं. रोप निवडताना नजर दणकट रोपाकडे जाते, पण गार वसंतात बारीक, कोवळं रोपच जास्त भरवशाचं.

कुदळ कधी हाती घ्यायची? जमिनीला वाफसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, आल्यावर. मूठभर माती दाबावी आणि तयार झालेल्या गोळ्याला अंगठ्याने ढोसावं. तो भुगा होऊन सुटला तर काम सुरू करावं, नुसता खळगा पडला तर परत फिरावं. ओली चिकणमाती तुडवली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात आणि ते नुकसान पूर्ण हंगाम भोवतं. माती लवकर तापवायची तर गादीवाफा करावा, पाण्याचा निचरा होतो आणि बाजूंनीही ऊन लागतं. जुनं पेंढ्याचं आच्छादन काही आठवडे दूर सारावं. उन्हाळ्यात ते उपकारक, पण आता मातीचं ऊन अडवतं. पारदर्शक प्लास्टिक अंथरलं तर काळ्यापेक्षा जास्त ऊब मिळते, फक्त खाली तणही जोमाने येतं. रात्री रोपांवर मात्र नुसतं पातळ पॉलिथीन टाकून निश्चिंत राहू नये. त्यातून अवरक्त किरण बऱ्यापैकी आरपार जातात. न विणलेलं हलकं कापड एक-दोन अंश वाचवतं, जाड असेल तर आणखी थोडे, आणि ते संध्याकाळी लवकर, मातीत दिवसाची ऊब शिल्लक असताना, कडा जमिनीला टेकवून पसरावं.

आणि एक साधा मातीत खुपसायचा तापमापक. पाच सेंटिमीटर खोल, सकाळी, सलग चार-पाच दिवस. दुपारचा आकडा आशा लावतो. बियाला रात्रही काढायची असते.

एवढं सगळं सांभाळूनही थंडी परतली, तर टोमॅटोच्या रोपांची पानं खालून जांभळी पडतात. रोप फॉस्फरस मागत असतं. बहुतेकदा तो मातीत असतो. गार मातीत तो मुळांपर्यंत सरकत नाही आणि मुळंही त्याच्याकडे वाढत नाहीत. इथे खत ओतायचा मोह होतो. ते तसंच पडून राहील. कापड पांघरावं, पाणी कमी करावं. माती १५ अंशांच्या वर जाऊन आठवडा झाला की शेंड्याला नवी पानं येतात ती हिरवी असतात. खालची जांभळी तशीच राहतात.