अकरावीतलं नाटक : एक धडा, एक विषय

भाचीनं अकरावीला नाटक घेतलं, हे ऐकून माझे वडील म्हणाले, "नाटक तर मराठीत असतंच की! वेगळं काय घ्यायचं त्यात?" सगळे हसले. प्रश्न मात्र रास्त होता. ही गल्लत मी शिकल्यासवरल्या पालकांकडूनही ऐकली आहे.

वडील म्हणतात ते नाटक राज्य मंडळाचं. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या 'युवकभारती' या मराठीच्या पाठ्यपुस्तकात नाटक हा साहित्यप्रकार आहे. आधी त्याचा परिचय, मग 'हसवाफसवी', 'ध्यानीमनी' आणि 'सुंदर मी होणार' यांतले उतारे. भाचीचं नाटक म्हणजे आयबी डिप्लोमातला (इंटरनॅशनल बॅकलोरिएट या आंतरराष्ट्रीय संस्थेचा अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम) 'थिएटर' हा ऐच्छिक विषय. मुंबई-पुण्याच्या काही आंतरराष्ट्रीय शाळांत तो मिळतो. दोन वर्षांचा, एसएलला (स्टँडर्ड लेव्हल, साधी पातळी) १५० तास, एचएलला (हायर लेव्हल, वरची पातळी) २४०.

आता एकच नाटक दोन्हीकडे नेऊन बघू. प्रशांत दळवींचं 'ध्यानीमनी'. (पाहिलं नसेल तर हा आणि पुढचा परिच्छेद गाळा, नाहीतर मजा जाईल.) शालिनी आणि सदानंद यांचा मुलगा मोहित. आई सतत त्याच्याबद्दल बोलते, त्याच्यासाठी जीव टाकते. आणि मोहित मुळात नाहीच.

मराठीच्या तासाला यावर प्रश्न येणार तो शालिनीचं स्वभावचित्र रेखाटा, अशा वळणाचा. मुलं संवाद धुंडाळतात, आईपणाची ओढ कुठल्या वाक्यात दिसते ते दाखवतात, उत्तर लिहितात. थिएटरच्या वर्गात हेच नाटक निवडलं तर पहिला प्रश्न फर्निचरचा. जेवणाच्या टेबलाशी मोहितची खुर्ची ठेवायची का? ठेवली तर सदानंद चुकूनही तिच्यावर बसत नाही, हे प्रेक्षकाला कसं दिसेल? पाहुणा बसायला गेला तर शालिनीचा हात कुठे जाईल? ताट वाढलं, तर उचलणार कोण? मोहित नाही हे आधी कोणी फोडायचं, प्रकाशानं की शालिनीच्या नजरेनं? इथे 'शालिनी मायाळू आहे' हे वाक्य कामाचं नाही. माया दिसणार कशातून, ते ठरवावं लागतं.

आयबीत याला प्रॉडक्शन प्रपोजल म्हणतात. आधी न अभ्यासलेली, छापील संहिता निवडायची आणि तिच्या प्रयोगाची कल्पना जास्तीत जास्त ४,००० शब्दांत मांडायची, चित्रं-आराखड्यांसकट. प्रयोग करायचा नाही, फक्त योजायचा. शिवाय जगातली एखादी अनोळखी नाट्यपरंपरा स्वतःच्या अंगावर घेऊन पाहायची आणि पंधरा मिनिटांत सादर करायची. गटानं नवं छोटं नाटक उभं करायचं. एचएलवाल्यांना त्याखेरीज एखाद्या रंगकर्मीच्या सिद्धांतावर एकट्यानं काही मिनिटांचं सादरीकरण. भाचीनं एसएल घेतलं ते यालाच घाबरून. तिचा ओढा प्रकाशयोजनेकडे. वर्षाअखेरीस तीन तासांचा लेखी पेपर नाही, हे कळल्यावर वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

म्हणून मराठीतला धडा कमी दर्जाचा ठरत नाही. संवादातला आडवळणाचा अर्थ ज्याला लागला नाही, त्याच्या हाती खुर्ची ही नुसती खुर्चीच राहते. माझी तक्रार एवढीच, की एकही प्रयोग न पाहता त्या धड्यावर उत्तम गुण मिळवता येतात.

आणखी एक गल्लत एकांकिका स्पर्धांची. पुण्यात १९६३ पासून चालत आलेला पुरुषोत्तम करंडक घ्या. तिथे मुलं लेक्चर बुडवून तालमी करतात आणि जे शिकतात ते कुठल्याही गुणपत्रिकेत येत नाही. तो अभ्यासक्रम नव्हे. (अनेकांचं खरं शिक्षण तिथेच झालं, ते सोडा.) अकरावीला थिएटर नाही घेतलं म्हणून पुढचं दारही बंद होत नाही. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या पदविकेला पदवी आणि नाटकातल्या कामाचा अनुभव विचारतात, बारावीचा विषय नव्हे.

भाचीनं शेवटी 'ध्यानीमनी'च निवडलं. तिच्या वहीत एका पानावर टेबल आणि तीन खुर्च्या काढल्या होत्या. एक खोडलेली, मग पुन्हा काढलेली, पुन्हा खोडलेली. वडिलांनी या नाटकाचा प्रयोग पूर्वी पाहिलेला. त्यांनी चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिलं.

"ठेव ती खुर्ची," ते म्हणाले. "पण टेबलाला चिकटवू नकोस. जरा मागे ओढून ठेव, कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी."