शो जंपिंग : किशोर स्वारांची तयारी (नागपूर)

मैदानात मांडलेले अडथळे ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या वेळेत घोड्यावरून ओलांडण्याचा क्रीडाप्रकार म्हणजे शो जंपिंग. अडथळ्याची दांडी पडली की ४ दोष (दंडाचे गुण) आणि घोडा पहिल्यांदा अडला की ४. तो दुसऱ्यांदा अडला किंवा स्वार पडला की जोडी बाद, असा आंतरराष्ट्रीय हिशेब आहे. ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांची उंची १.६० मीटरच्या घरात असते. मुलांची सुरुवात मात्र जमिनीवर आडव्या ठेवलेल्या दांड्यांपासून होते, आणि या टप्प्याला जितका वेळ द्यावा तितका थोडाच.

स्वाराच्या बैठकीला मराठीत ‘मांड’ म्हणतात. नवशिक्याची मांड बसेपर्यंत चांगला प्रशिक्षक त्याच्या हाती लगाम देत नाही. प्रशिक्षक स्वतः घोडा लांब दोरीवर गोल फिरवतो. मूल हात मोकळे सोडून, पुढे रिकिबीही काढून, दुडक्या चालीवर तोल सांभाळायला शिकते. लगामाला लोंबकळून तोल सावरायची सवय लागली, तर ती उडीच्या वेळी नडते. उडी घेताना घोड्याला मान लांब करावी लागते. नेमक्या त्याच क्षणी लगाम खेचला गेला, तर तोंडातल्या लोखंडाचा झटका जबड्याला बसतो, आणि असे काही झटके खाल्लेला घोडा पुढच्या अडथळ्यापाशी अडतो. मूल त्याला हट्टी म्हणते. घोडा दुखणे टाळत असतो. त्यामुळे पहिल्या उड्यांना आयाळ किंवा गळ्यातला पट्टा धरायला लावतात. उडीत पुढे झुकून घोड्याची पाठ आणि मान मोकळी ठेवण्याची बैठक इटालियन घोडदळातील अधिकारी फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) याने रूढ केली. त्यापूर्वी स्वार मागे रेलून उडी घेत.

जमिनीवरच्या दांड्या दुडक्या चालीसाठी साधारण १.२ ते १.४ मीटर अंतराने ठेवतात. त्यानंतर फुलीसारखा बुटका अडथळा, मग सरळ उभा, मग ऑक्सर, म्हणजे मागे-पुढे दांड्या लावून रुंदी दिलेला अडथळा, असा क्रम असतो. कपाळासमोरचा आणि नाकाखालचा भाग घोड्याला दिसत नाही, त्यामुळे अगदी जवळ आल्यावर अडथळा त्याच्या नजरेआड होतो. म्हणून अडथळा सरळ रेषेत आणि एका लयीत गाठणे हे स्वाराचे मुख्य काम ठरते. स्पर्धेपूर्वी मैदान पायी मोजायला मुलांना शिकवतात. घोड्याच्या कँटरची (दुडकीपेक्षा वेगवान, झेपांच्या चालीची) एक झेप सुमारे ३.६ मीटर, म्हणजे माणसाची ९० सेंटिमीटरची चार पावले. उतरण्यासाठी दोन आणि उडण्यासाठी दोन पावले सोडली, की दोन अडथळ्यांमधली २४ पावले पाच झेपांची ठरतात. तट्टूची झेप आखूड असल्याने त्याचा हिशेब निराळा मांडावा लागतो.

नागपुरात या सगळ्यावर हवामानाचा आणि मातीचा अंमल चालतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे इथे नेहमीचे, त्यामुळे उन्हाळ्यातला सराव उजाडताच आटोपून ऊन चढण्याआधी घोडे तबेल्यात परततात. घामावाटे गेलेले क्षार भरून काढायला चंदीत (घोड्याच्या दाण्यात) मीठ घालतात. काळी रेगड माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात खुरांना चिकटते. तिच्यावर उडी घेणे घोड्याच्या पायांना धोक्याचे असते. म्हणून पाण्याचा निचरा होईल असा पाया करून वर वाळू टाकलेले मैदान ही पहिली गरज आहे. अडथळ्यांचे महागडे खांब आणण्याआधी पैसा इथे घालावा.

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने बंगालपर्यंत मजल मारली होती. आज शहरात घोडेस्वारीचा एक मार्ग राष्ट्रीय छात्रसेनेच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी (घोडे आणि पशुवैद्यक) शाखेतून जातो. पशुवैद्यक महाविद्यालयातले (स्थापना १९५८) छात्र त्यातून खोगिरावर चढतात. घोड्याचे शरीर अभ्यासणारेच त्यावर स्वार होतात, हा मोठा लाभ आहे.

मुलासाठी घोडा निवडताना देखणेपणाला भुलू नये. सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) घोडेबाजारात रंग, खुणा आणि चाल पाहून मोल ठरते. उडीसाठी शांत स्वभाव आणि निकोप पाय लागतात. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड जातीचा घोडा वेगाला सरावलेला असतो, पण आखूड झेपेत तोल धरायला त्याला नव्याने शिकवावे लागते. नवखे मूल आणि नवखा घोडा ही जोडी लावूच नये. वयाने मोठा, अनेक मैदाने पाहिलेला घोडा मुलाची चूक पोटात घालतो आणि त्याला बरोबर उडी कशी लागते ते अंगाला कळवतो.

हेल्मेट आणि टाचेचे बूट अनिवार्य आहेत. टाच नसेल तर पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकू शकते. पडलेल्या मुलाला लगेच पुन्हा चढवावे, म्हणजे भीती बसत नाही, अशी जुनी रीत आहे. डोक्याला मार लागला असेल तेव्हा ती घातक ठरते. अशा वेळी त्या दिवसाची स्वारी संपवून मुलाला डॉक्टरकडे न्यावे, आणि परवानगी मिळाल्यावर पुन्हा जमिनीवरच्या दांड्यांपासून सुरुवात करावी.